बोलण्याला टिचकी मारून पहा
(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपलीं कांहीं मुलेंमुली कायद्याच्या शिक्षणासाठीं प्रवेशपरीक्षा देऊं इच्छितात. राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ परीक्षेंत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावे लागतात. चुकल्यास पाव गुण कापतात. तेथें घोकंपट्टी चालत नाहीं. उतारा देऊन विचारतात, ह्या युक्तिवादांत खोट कोठें आहे? पेपर इंग्रजींत असतो. परंतु खोट आधीं मायबोलींत ओळखावयास शिकावी.

कोणी म्हणतात, “आपल्यांत आजवर वकील झाले नाहींत, सबब होणार नाहींत.” पहिली खोट हीच! पूर्वजांना शाळेचें दारच बंद होतें. तें कारण गेल्यावर निष्कर्ष कसा टिकेल? बैलाचे दांत पाहणाऱ्याला आणि मडकें टिचकी मारून घेणारीला खोट काढणें शिकवावें लागत नाहीं. तशीच टिचकी बोलण्याला मारा.

रीत सोपी आहे. बोलणाऱ्याला काय गळीं उतरवावयाचें आहे, तो निष्कर्ष आधीं शोधा. मग त्यानें दिलेलें कारण पहा. मग दोहोंमधली फट.

“चांगल्या बियाण्याशिवाय पीक येत नाहीं, हें बियाणें चांगलें, सबब पीक येणारच.” पाण्याचें काय? जें लागतें, तेवढेंच पुरतें असें नव्हे. “नवस केला आणि पाऊस पडला.” मागून घडलें म्हणजे त्यामुळें घडलें नव्हे. “सांगणारा कुंभार, म्हणून म्हणणें खोटें.” येथें माणूस तोलला, म्हणणें तोललेंच नाहीं.

एक गोष्ट विशेष सांगतों. निष्कर्ष आपल्याला पटला, म्हणून युक्तिवाद निर्दोष ठरत नाहीं. खऱ्या गोष्टीलाही लंगडें कारण दिलेलें असतें; हुशार मुलेंही येथेंच फसतात. म्हणून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखालीं फट कोठें होती, तें मुलानें स्वतःच्या शब्दांत एका ओळींत लिहावें.

अडाणी शेतकरी धर्माच्या नांवानें व कचेरींत कसा नाडला जातो, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत मांडलें. परीक्षेंत जागा मिळो न मिळो, ही नजर आलेलें लेकरूं कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वीं विचारील, “हें कशावरून?” उद्यां तें तुम्हांलाही तसेंच विचारील. मुलगा असो वा मुलगी, उलट बोलतें म्हणून त्याला दटावूं नका. उत्तर द्या, नसेल तर त्याच्यासह शोधा.