पात्रता : दारी आलेली आणि कमावलेली

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५. गोव्यात मडगावजवळचे फातोर्ड्याचे क्रीडांगण. आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता फेरीत भारताची गाठ सिंगापूरशी पडली होती. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला आणि क्रीडांगण दुमदुमले. मध्यंतराच्या किंचित आधी सिंगापूरने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात दुसरा गोल केला. सामना १-२ असा संपला. त्या पराभवासरशी सौदी अरेबियात योजलेल्या २०२७च्या आशियाई चषकाचे दार भारतासाठी बंद झाले.

याच्या आदल्याच दिवशी आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे या द्वीपराष्ट्राने आपल्या राजधानीत, प्राया येथे, एस्वातिनीचा ३-० असा पराभव केला आणि २०२६च्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले. या देशाची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख, म्हणजे जवळपास सांगली-मिरज-कुपवाड शहराएवढी. पुढे १८ नोव्हेंबरला भारतीय संघ ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. त्याच दिवशी कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव या चिमुकल्या बेटाने जमैकाशी गोलशून्य बरोबरी साधून विश्वचषकात प्रवेश केला. त्या बेटाची लोकसंख्या सुमारे दीड लाख आणि क्षेत्रफळ बृहन्मुंबईहून कमी. विश्वचषकाच्या इतिहासात इतका लहान देश कधीच पात्र ठरला नव्हता.

१४० कोटींच्या देशात अकरा खेळाडू सापडत नाहीत काय, असा प्रश्न प्रत्येक पराभवानंतर घराघरांतून विचारला जातो. प्रश्नामागची तळमळ खरी आहे, परंतु प्रश्न चुकीचा आहे. पात्रता फेरी देशाची डोकी मोजत नाही. ती देशाचे सातत्य मोजते. हे समजण्यासाठी पात्रता म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागेल.

१९३० साली उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पात्रता हा प्रकारच नव्हता. निमंत्रणे गेली आणि तेरा संघ आले. १९३४ साली मात्र १६ जागांसाठी ३२ देशांनी नावे नोंदवली, म्हणून चाळणी लावणे भाग पडले. ती इतकी कडक होती की यजमान इटलीलाही ग्रीसला हरवून आपल्याच घरच्या स्पर्धेत प्रवेश मिळवावा लागला. यजमानाला थेट प्रवेश देण्याची प्रथा त्यानंतरची.

आज ही चाळणी खंडवार लागते. २०२६साठी संघांची संख्या ४८ झाली आणि आशियाच्या वाट्याला आठ थेट जागा आल्या. त्यासाठी आशियातील ४६ देश उतरले. क्रमवारीत तळाच्या वीस संघांनी आपसांत खेळून दहा संघ पुढे पाठवले. मग ३६ संघांचे, प्रत्येकी चार संघांचे नऊ गट झाले. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे गेले. उरलेल्या अठरा संघांचे तीन गट झाले आणि त्यांतील पहिल्या दोघांना थेट प्रवेश मिळाला. तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या संघांत आणखी एक फेरी होऊन शेवटच्या दोन जागा भरल्या. गटात प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, साधारणपणे एकदा घरी आणि एकदा दारी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक.

या शिडीची एक खुबी आहे. तिची प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची उंची ठरवते. जिंकलेल्या सामन्यांवर क्रमवारी ठरते, क्रमवारीवर सोडतीतील स्थान ठरते आणि सोडतीवर प्रतिस्पर्धी. शिवाय जे अठरा संघ पुढच्या टप्प्यात गेले, त्यांना २०२७च्या आशियाई चषकाची जागाही आपोआप मिळाली. भारत त्या अठरांत नव्हता, म्हणून त्याला आशियाई चषकासाठी वेगळ्या गटात खेळावे लागले आणि तेथे गटातला केवळ पहिला संघ पात्र ठरणार होता. फातोर्ड्याचा पराभव असा दीड वर्ष आधीच्या घसरणीतून आला.

ती घसरण कोठे झाली? जून २०२४मध्ये दोहा येथे कतारविरुद्ध भारत एका गोलाने पुढे होता. कतारने बरोबरीचा जो गोल केला, त्यावेळी चेंडू सीमारेषेबाहेर गेला होता. पंचांनी तो ग्राह्य धरला. भारत १-२ असा हरला आणि गटात तिसरा राहिला. अन्याय झाला, यात शंका नाही. देशभर संताप उसळला, तोही स्वाभाविक होता. परंतु गुणतक्ता शांतपणे पाहिला तर दुसरीच गोष्ट दिसते. कुवेतचे सात गुण होते, भारताचे पाच. त्याच वर्षी मार्चमध्ये गुवाहाटीत, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, भारत अफगाणिस्तानकडून १-२ असा हरला होता. तो एक सामना जिंकला असता तर भारताचे आठ गुण झाले असते आणि दोह्याचे पंच काहीही म्हणाले असते तरी भारत पुढे गेला असता. पंचांची चूक सर्वांना आठवते, गुवाहाटी कोणालाच आठवत नाही. राष्ट्र म्हणून आत्मपरीक्षण करायचे तर आरंभ गुवाहाटीपासून करावा लागेल.

हे प्रथमच घडले असेही नाही. २००१ साली बंगळुरूत भारताने संयुक्त अरब अमिरातीला १-० असे नमवले होते. त्या गटात अमिरातीचे १२ गुण झाले आणि भारताचे ११. येमेनविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले होते, १-१ आणि ३-३. त्यांपैकी कोणत्याही एका सामन्यात आणखी एक गोल झाला असता तर १३ गुणांसह भारत गटात पहिला असता. एका गोलाचे मोल पात्रता फेरीत असे असते, आणि ते कळते शेवटच्या शिटीनंतर.

याहून जुनी आणि अधिक बोचरी आठवण १९५०ची आहे. ब्राझीलमधील विश्वचषकासाठी भारताच्या गटातील अन्य आशियाई संघांनी माघार घेतली आणि एकही सामना न खेळता भारत पात्र ठरला. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्यासह भारताचा गटही ठरला. भारतीय संघ गेलाच नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून संघ गेला नाही, ही कथा आजही सांगितली जाते. परंतु त्या पिढीचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ती नाकारली. प्रवासाचे अंतर, सरावाला अपुरा अवधी आणि ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाला दिलेले दुय्यम स्थान ही कारणे अधिक खरी. दैव देते आणि कर्म नेते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. कर्तृत्वाची उणीव नव्हती. १९५१ आणि १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत याच देशाने सुवर्णपदक मिळवले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. त्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा होता. उणीव होती दूरदृष्टीची. त्यानंतर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत प्रत्यक्ष मैदानात उतरला तो १९८५ साली. ३५ वर्षांचा काळ गेला होता आणि शिडी तोवर कितीतरी उंच झाली होती.

अन्याय आणि अपयश पचवून उभे कसे राहावे, याचा धडा उझबेकिस्तानकडून घ्यावा. २००५ साली ताश्कंदमध्ये बहरीनविरुद्ध उझबेकिस्तान १-० असा पुढे होता. त्याने पेनल्टीवर दुसरा गोल केला, परंतु सहकारी खेळाडू आधीच क्षेत्रात शिरल्याचे कारण देऊन पंचांनी चुकीचा निर्णय दिला. पेनल्टी पुन्हा घ्यायला लावण्याऐवजी त्यांनी बहरीनला फ्री किक बहाल केली. उझबेकिस्तानने तो सामना जिंकला होता, तरी नियमभंगाच्या त्या चुकीपायी तो रद्द होऊन पुन्हा खेळवण्यात आला आणि अखेरीस बहरीन पुढे गेले. जिंकलेला सामना हातचा गेला, तोही पंचांच्या चुकीने. २०१३ साली दक्षिण कोरियाशी गुण समान असताना गोलांच्या फरकात एका गोलाने त्यांचा थेट प्रवेश हुकला. पुढे जॉर्डनने त्यांना पेनल्टींवर ९-८ असे हरवले. या देशाने तक्रारीत दिवस घालवले नाहीत. त्याने मुले घडवली. २०१२मध्ये १६ वर्षांखालील आशियाई विजेतेपद, २०२३मध्ये २० वर्षांखालील विजेतेपद, २०२४मध्ये ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये प्रथम प्रवेश, २०२५मध्ये १७ वर्षांखालील विजेतेपद. आणि ५ जून २०२५ रोजी अबू धाबीत गोलशून्य बरोबरी साधून विश्वचषकात पहिले पाऊल. ताश्कंदच्या त्या रात्रीपासून वीस वर्षे.

केप व्हर्देची वाटही सरळ नव्हती. २०१३ साली पात्रता फेरीत ट्युनिशियाला हरवूनही निलंबित खेळाडू उतरवल्यामुळे तो विजय काढून घेण्यात आला. कागदपत्रांतील एका ढिलाईने मैदानावरचे श्रम मातीमोल झाले. पात्रता ही कार्यालयातही कमवावी लागते, हे त्या देशाने किंमत मोजून शिकले. क्युरासाव आणि केप व्हर्दे या दोघांनी परदेशांत जन्मलेल्या आपल्या वंशजांना साद घातली आणि ते आले. भारताची स्थिती येथे वेगळी आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि २००८पासून भारतीय पारपत्र असणाऱ्यालाच देशाकडून खेळता येते. त्यामुळे येणाऱ्याला दुसरे नागरिकत्व सोडूनच यावे लागते. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी असा आला आणि २०१३ साली भारताकडून खेळला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, आईकडून मुंबईशी नाते असलेल्या रायन विल्यम्सनेही २०२५ साली ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. अशा निर्णयाचा आदरच केला पाहिजे. परंतु १४० कोटींच्या देशाचा पाया बाहेरून येणाऱ्या दोन-चार जणांवर उभा राहू शकत नाही.

तो पाया घरात आहे आणि त्याचा पुरावाही घरातच आहे. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून भारताला प्रवेश मिळाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. तिन्ही सामने भारत हरला, परंतु जिक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला गोल हा विश्वचषकाच्या कोणत्याही गटातला भारताचा पहिला गोल ठरला. जानेवारी २०२२मध्ये महिलांचा आशियाई चषक भारतात झाला, तोही यजमानपदाच्या आधारावर. नवी मुंबईत चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यापूर्वी कोरोनाच्या संसर्गाने संघाला ग्रासले. तेरा खेळाडू उभे करता येईनात. सामना रद्द झाला आणि मुलींना आपल्याच अंगणातून माघारी जावे लागले. दारी आलेली पात्रता दारातूनच परतली.

त्या मुली खचल्या नाहीत. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील च्यांग माई येथे, यजमान थायलंडविरुद्ध त्या निर्णायक सामन्यात उतरल्या. थायलंडचा महिला संघ दोन विश्वचषक खेळलेला. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत २-१ असा जिंकला आणि पात्रता फेरी खेळून महिलांच्या आशियाई चषकात प्रथमच गेला. ना यजमानपद, ना कोणाची माघार. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर, चार सामन्यांत चार विजय. याला कमावलेली पात्रता म्हणतात. तशीच ती २००८ साली दिल्लीत दिसली होती. सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी ताजिकिस्तान ४-१ असे नमले आणि २७ वर्षांच्या खंडानंतर भारत २०११च्या आशियाई चषकात पोहोचला.

मग पुरुषांच्या संघात आज काय उणे आहे? तोच छेत्री जून २०२४मध्ये निवृत्त झाला आणि चाळिशीत त्याला मार्च २०२५मध्ये परत बोलवावे लागले, कारण गोल करणारा दुसरा तयार नव्हता. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात मुख्य प्रशिक्षकपदावर तीन माणसे बसली. २०२५च्या उन्हाळ्यानंतर देशातील प्रमुख लीगचे वेळापत्रकच अधांतरी राहिले. जुलै २०२३मध्ये जागतिक क्रमवारीत ९९वा असलेला संघ नोव्हेंबर २०२५मध्ये १४२वा झाला. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय आहे. पात्रता फेरीचे सामने दोन वर्षे चालतात, पण त्यांची तयारी दहा वर्षांच्या मुलापासून सुरू होते.

कोल्हापूरला शाहू क्रीडांगणावर पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ भिडतात तेव्हा हजारोंची गर्दी जमते. खेळावरचे प्रेम या भूमीत नाही, असे कोण म्हणेल? त्या प्रेमाला रोजच्या अनुशासनाची जोड हवी. परीक्षा जवळ आली की मुलाचा खेळ बंद, असा नियम घरोघरी आहे. शाळेचे मैदान वाहनतळाला द्यायचे आणि निकालाच्या रात्री संघाला बोल लावायचे, हे दोन्ही एकाच समाजात चालते. वस्तीतील एक मैदान मुलांसाठी राखणे, चौदा वर्षांखालील मुलांची एक स्पर्धा दरवर्षी खंड न पडता भरवणे, मुलीला मुलाइतक्याच सहजतेने मैदानावर पाठवणे, ही कामे लहान दिसतात. उझबेकिस्तानची वीस वर्षे अशाच कामांनी भरलेली होती.

फातोर्ड्यात भारताला हरवणारा सिंगापूर १९८४ साली आशियाई चषक खेळला होता, तो यजमान म्हणून. त्यावेळी भारत पात्रता फेरीतून तेथे गेला होता. ४१ वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगला हरवून सिंगापूर प्रथमच स्वतःच्या बळावर पात्र ठरला. भारताने ज्या वाटेने जायचे सोडले, त्या वाटेने तो छोटा देश चालत राहिला. ती वाट कोणाची मक्तेदारी नाही. च्यांग माईला अकरा भारतीय मुलींनी ती पुन्हा चालून दाखवली आहे.