तारखेची आठवण यंत्राला

चिल्हारकडून येताना बेटेगाव मागे पडलं की बोईसर आणि पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. इथल्या कारखान्यांच्या निविदा, जीएसटी, मालाच्या ऑर्डरी, सगळं आता ऑनलाइन. या व्यवहारांची राखण करतं डिजिटल प्रमाणपत्र आणि त्याला मुदत असते. ती चुकली की वेबसाइट उघडताच गिऱ्हाइकाला धोक्याचा इशारा दिसतो. 6 डिसेंबर 2018 रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं प्रमाणपत्र कालबाह्य झालं आणि ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला!

आतापर्यंत तारीख वहीत टिपून भागायचं. पण वेबसाइटच्या नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च 2026 पासून 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून अवघी 47 दिवस ठरली आहे. म्हणून काम यंत्रावर सोपवायचं. समजा, मुदतीला तीस दिवस उरले. एवढं निमित्त मिळताच प्रणाली नवी सांकेतिक किल्ली बनवते, वेबसाइट आपलीच असल्याचा पुरावा देते, प्रमाणपत्र आणून सर्व्हरवर बसवते आणि तपासते. कुठे अडलंच, तर जबाबदार माणसाच्या फोनवर संदेश जातो. हा शेवटचा टप्पा गाळणं म्हणजे निव्वळ आळस.

निविदेवर सही करायच्या यूएसबी टोकनची गोष्ट मात्र वेगळी. ते व्यक्तीच्या नावावर असतं आणि माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 नुसार त्यातली सहीची खासगी किल्ली जपण्याची जबाबदारी त्या व्यक्तीचीच. तेव्हा कारखानदार मंडळींनो, टोकन आणि पिन दोन्ही अकाउंटंटच्या खणात ठेवू नका.