परसांतील जादा कोंबडे



आजचा विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल, कांहींस तो अप्रशस्तही वाटेल; परंतु ज्यांच्या परसांत चार कोंबड्या आहेत त्यांना तो वर्षांतून एकदां तरी चुकत नाहीं. अंड्यांसाठीं म्हणून कोंबडी पाळली, ती खुडूक झाली, तिच्याखालीं बारा अंडीं बसविलीं, एकविसाव्या दिवशीं दहा पिलें बाहेर आलीं, घरांतल्या मुलांनीं प्रत्येकाला नांव दिलें. आणि तीन महिन्यांनीं ध्यानांत आलें कीं दहांपैकीं सहा कोंबडे आहेत. आतां या सहांचें करावयाचें काय?

आमच्या नाशिक रोडला हा प्रश्न जरा अधिकच टोंचतो. हें मूळ रेल्वे स्टेशनाभोंवतीं वाढलेलें ठिकाण. 1925 सालीं येथें सुरक्षा मुद्रणालय आलें, 1928 सालीं चलनी नोटांचा छापखाना आला, आणि वस्ती वाढत गेली. देवळालीगांव, विहितगांव, चेहेडी हीं जुनीं गांवें आज महानगरपालिकेच्या हद्दींत आहेत. त्यामुळें एका भिंतीच्या अलीकडे सारवलेलें अंगण व खुराडें, आणि पलीकडे चार मजल्यांच्या इमारतींतील निजण्याची खोली, असा शेजार येथें पावलोपावलीं दिसतो. खेड्यांत जादा कोंबड्याचा प्रश्न हा फार तर दाण्यांचा प्रश्न असतो. येथें तो शेजारधर्माचा प्रश्न होतो.

प्रथम हे कोंबडे इतके निघतात तरी कां, तें पाहूं. टोंकदार अंड्यांतून नर निघतो व गोल अंड्यांतून मादी, अशी एक समजूत फार जुनी आहे. तिच्यावर विसंबून अंडीं निवडून बसविणारीं माणसें आजही भेटतात. तिच्यांत तथ्य नाहीं. माणसांत अपत्याचें लिंग पित्याच्या बीजावरून ठरतें. पक्ष्यांत तें मातेकडून ठरतें. कोंबड्याच्या लिंगनिर्णायक गुणसूत्रांची जोडी सारखी असते, कोंबडीची विषम असते. म्हणून अंडें घातलें जाण्यापूर्वींच पिलूं कोणतें व्हावयाचें हें निश्चित झालेलें असतें. पुढें अंड्याचा आकार, ऊब, तिथि वा वार यांनीं त्यांत फरक पडत नाहीं. पुष्कळ पिलांची सरासरी काढली तर निम्मे नर व निम्म्या माद्या येतात. एखाद्या खेपेस दहांत सात नर निघाले तर तो कोंबडीचा दोष नव्हे. नाणें दहा वेळां उडविलें तर सात वेळां छापा पडूं शकतो, तसेंच हें आहे.

“मग आम्ही तयार तलंगाच विकत आणूं,” असें कोणी म्हणेल. हा मार्ग सोयीचा आहे. परंतु त्यानें प्रश्न सुटत नाहीं, तो केवळ आपल्या दृष्टीआड होतो. एक दिवसाच्या पिलाचें लिंग ओळखण्याची विद्या जपानी शास्त्रज्ञांनीं 1920 नंतरच्या दशकांत सिद्ध केली, आणि ती जगभर पसरली. तिचा परिणाम असा झाला कीं अंड्यांच्या जातीचीं नर पिलें पोसण्याचें कारण व्यापाऱ्यांस उरलें नाहीं. तीं जन्मतांच मारलीं जातात. जगांत अशा पिलांची संख्या वर्षाला सहा-सात अब्जांच्या घरांत धरतात. जर्मनीनें 1 जानेवारी 2022 पासून ही पद्धति कायद्यानें बंद केली. आपण बाजारांतून जीं अंडीं आणतों त्यांच्या मागें हें सारें असतें. तेव्हां परसांत सहा कोंबडे निघाले म्हणून ज्याला संकट वाटतें, त्याच्या वाट्याला निदान तें संकट डोळ्यांनीं पाहण्याची संधि आली आहे, इतकेंच मी म्हणेन.

आतां गरज किती, याचा हिशेब. अंडीं मिळण्यासाठीं कोंबड्याची मुळींच आवश्यकता नाहीं. कोंबडी त्याच्यावांचूनही तितकींच अंडीं घालते. फक्त त्यांतून पिलें होत नाहींत. पिलें काढावयाचीं असतील तर आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो. तो दूर केल्यावरही सुमारें दोन आठवडे कोंबडी फलित अंडीं देऊं शकते, हेंही लक्षांत ठेवावें. म्हणजे वर्षभर कोंबडा घरीं हवा असें नाहीं, शेजारच्या गांवांतून तो चार दिवस मागून आणला तरी काम होतें. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले कीं पहिला परिणाम कोंबड्यांच्या पाठीवर दिसतो. तेथील पिसें झडतात, कातडी उघडी पडते, कधीं जखमा होतात. बिचाऱ्या दाणे सोडून कोपऱ्यांत दडूं लागतात आणि अंडीं कमी होतात. कोंबड्यांच्या समाजांत कोणीं कोणास टोंचावें याची पक्की उतरंड असते, हें नॉर्वेचे शेल्डरुप-एबे यांनीं 1922 च्या सुमारास प्रथम शास्त्रीय रीतीनें मांडलें. त्यांनीं लहानपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण केलें होतें. आमच्या शाळाखात्यांत ही उतरंड पाहण्यास कोंबड्यांची गरज नव्हती, असो.

नर लवकर ओळखावा हें बरें. सहा ते आठ आठवड्यांत त्याचा तुरा बहिणींच्या तुऱ्यापेक्षां मोठा व तांबडा दिसूं लागतो, पाय जाड होतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मानेवर व शेपटीच्या बुडाशीं लांब, टोंकदार, चकाकणारीं पिसें येतात. मग एके दिवशीं घसा बसल्यासारखा पहिला आवाज निघतो, आणि मुलें हंसतात. निर्णय करावयाचा तो या हंसण्याच्या आधींच.

कारण त्यानंतर शेजारी जागे होतात. कोंबडा उजाडलें म्हणून आरवतो, असें आपण समजतों. जपानांतील नागोया विद्यापीठांतील संशोधकांनीं 2013 सालीं दाखविलें कीं मंद प्रकाशांत, दिवस-रात्र कळूं न देतां ठेवलेला कोंबडाही सुमारें चोवीस तासांच्या फेऱ्यानें आरवतो. त्याच्या शरीरांतच घड्याळ आहे, आणि तें उजाडण्यापूर्वीं दोन तास वाजूं लागतें. त्यांनींच 2015 सालीं पुढचें सांगितलें: एकत्र असलेल्या कोंबड्यांत सर्वांत वरचा प्रथम आरवतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. वरचा उचलून नेला कीं दुसरा आरंभ करतो. म्हणून “त्या मोठ्या आवाजाच्या कोंबड्याला तेवढें काढतों” असें शेजाऱ्यास सांगण्यांत अर्थ नाहीं. खुराडें काळोखें केल्यानें आवाज थोडा कोंडतो, थांबत नाहीं. जवळून मोजला तर तो शंभर डेसिबलच्या घरांत जातो. आणि 2000 सालच्या ध्वनिनियमांत निवासी भागास रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही मर्यादा 45 डेसिबल आहे.

2019 च्या मे महिन्यांत पुण्याच्या सोमवार पेठेंतून एका बाईंनीं अशाच कोंबड्याविरुद्ध पोलिसांकडे तक्रार दिली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं ती विनोद म्हणून छापली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फ्रान्समधील ओलेरों बेटावरील मोरिस नांवाच्या कोंबड्याच्या बाजूनें न्यायालयानें निकाल दिला, आणि 2021 च्या जानेवारींत तेथें ग्रामीण भागांतील आवाज व वास यांना संरक्षण देणारा कायदाही झाला. हा दाखला मला पुष्कळदां ऐकविण्यांत येतो. परंतु मोरिसविरुद्ध तक्रार करणारे लोक त्या खेड्यांत सुटीपुरते येणारे होते. आमच्या येथें रात्रपाळी करून पहाटे घरीं येणारा कामगार भिंतीपलीकडे निजतो. त्याची झोंप माझ्या हौसेपेक्षां मोठी आहे, याविषयीं मला शंका नाहीं.

तेव्हां जादा कोंबडे घालवावयाचे, हें ठरलें. कसे, हा खरा पेंच.

सर्वांत रूढ मार्ग म्हणजे कोणास तरी “पाळायला” देणें. या शब्दाइतका फसवा शब्द या व्यवहारांत दुसरा नाहीं. ज्याला चार कोंबड्या आहेत त्यालाही आपल्यासारखेच सहा कोंबडे झालेले असतात. तो आपला सातवा कशास पाळील? देणाऱ्यास हें ठाऊक असतें, घेणाऱ्यासही असतें. दोघेही न बोलतां समजून घेतात, आणि घरीं येऊन मुलांस सांगितलें जातें कीं आपला राजा आतां मळ्यांत राहावयास गेला. पुढच्या रविवारीं मूल मळ्यांत जाण्याचा हट्ट धरतें. त्या वेळीं बापाच्या चेहऱ्याकडे पाहवत नाहीं. देणें असेल तर खुशाल द्यावें; मात्र हा उद्यां पातेल्यांत जाणार हें मान्य करून द्यावें. खरोखरच पाळण्यासाठीं नर हवा असलेला माणूस क्वचित् भेटतो. तो जात विचारतो, वय विचारतो, रक्त बदलण्यासाठीं हवा असें म्हणतो. त्या विचारण्यावरून त्याला ओळखावें.

रात्रीं एखाद्या देवळामागें किंवा रस्त्याच्या कडेला कोंबडा सोडून येणारेही सुशिक्षित लोक आहेत. आपल्या हातून हत्या झाली नाहीं, एवढेंच त्यांचें समाधान. खुराड्यांत वाढलेला तो पक्षी बहुधा पहिल्याच रात्रीं कुत्र्यांच्या तावडींत सांपडतो. उपासमारीनें हाल होतील अशा स्थितींत जनावर सोडून देणें हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. कोंबड्यांची झुंज लावणेंही त्याच कलमाच्या रोखांत येतें. चंद्रपूर-गडचिरोलीकडे “कोंबड बाजार” म्हणून पायाला पात्या बांधून या झुंजी चालतात, आणि पोलिसांचे छापेही पडतात. गडी चांगला दिसतो म्हणून अधिक पैसे देऊं करणारा गिऱ्हाईक आला तर एकदां विचारून घ्यावें.

कोंबड्यांनाच वेगळ्या जागेंत एकत्र ठेवावें, हा उपाय ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें, पण तो खरा आहे. कोंबड्या दृष्टीसही पडत नसल्या आणि सर्व नर एकत्रच वाढलेले असले, तर ते बहुधा गुण्यागोविंदानें राहतात. मात्र मोठा कोंबडा दिवसाला शंभर-सव्वाशें ग्रॅम दाणा खातो; सहा कोंबड्यांचे महिन्याला वीस किलो झाले. शिवाय सहाही जण आरवतात. ज्याचा मळा वस्तीपासून दूर आहे त्यानेंच हा विचार करावा.

ज्या घरांत मांस शिजतें त्यांना सरळ मार्ग खुला आहे, आणि तो लाजेचा नाहीं. आपल्या अंगणांत ऊन-वारा खाऊन वाढलेला पक्षी, जाणत्या माणसाकडून एका क्षणांत, इतर पक्ष्यांच्या नजरेआड मारला जावा, यापरतें चांगलें मरण बाजारांतील कोंबड्यास मिळत नाहीं. हात बसला नसेल त्यानें प्रयोग करूं नये. आणि ज्या घरांत अंडें चालतें पण मांस चालत नाहीं, त्यांस माझें स्पष्ट मत विचाराल तर त्यांनीं अंडीं बसवूंच नयेत. खुडूक कोंबडी उठवावी, कोंबडा ठेवूं नये, आणि आपले नर स्वतः खाणाऱ्या शेतकऱ्याकडून मोठ्या तलंगा घ्याव्यात. त्यांचे भाऊ कोठें गेले हें निदान ठाऊक राहतें.

मुलांस काय सांगावें? सहा वर्षांच्या मुलासही खरें सांगतां येतें. कोंबड्या ठेवावयाच्या, कोंबड्यांतला एक ठेवावयाचा, बाकीचे ठेवतां येत नाहींत, हें पिलें फुटण्याच्या दिवशींच सांगून ठेवावें. मूल रडेल. रडूं द्यावें. तीन महिने वर्गांत खोटें ऐकून बसलेलें मूल आणि एकदां रडून मोकळें झालेलें मूल, दोन्हीं मीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

विकावयाचे असतील तर पंचांग पाहावें. यांत थट्टा नाहीं. देशी कोंबडा विक्रीस येण्यास पांच-सहा महिने लागतात. आषाढांत, विशेषतः अमावास्येच्या आधींच्या आठवड्यांत, त्याला गिऱ्हाईक धांवत येतें; श्रावण लागला कीं तोच कोंबडा कोणी विचारीत नाहीं, आणि मग गणपति, पितृपक्ष, नवरात्र असें करीत दसऱ्यापर्यंत तो आपलेच दाणे खातो. म्हणून पौषाच्या अखेरीस अंडीं बसवावीं, पिलें माघांत निघावींत, थंडी ओसरतांना तीं उबेला राहावींत. अधिक मास मध्यें आला तर महिनाभर थांबावें लागेल, तेंही आधींच मोजावें. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारलेल्या जातींचे नर देशीपेक्षां लवकर भरतात, त्यांना इतकी वाट पाहावी लागत नाहीं; चव मात्र देशीचीच, असें जाणकार म्हणतात, मी त्यांत पडत नाहीं.

बाजाराला नेतांना पाय बांधून सायकलीला उलटे लोंबकळत नेण्याची जी चाल आहे ती सोडावी. कायद्यालाही ती मान्य नाहीं. हवा खेळणारी पाटी वा खोका घ्यावा, सकाळच्या गारव्यांत निघावें. न विकलेला कोंबडा परत आणला तर त्याला लगेच खुराड्यांत सोडूं नये. मानमोडी अशाच वाटेनें घरीं येते. 2006 सालीं नवापुरास बर्ड फ्लू आला तेव्हां परसांतल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या होत्या. बाजारांतून परतलेला पक्षी तीन आठवडे निराळा ठेवावा, त्याचें पाण्याचें भांडें वेगळें असावें, आणि त्याला दाणे सर्वांत शेवटीं घालून मग हात-पाय धुवावेत.