निवाडा : शब्द आणि आचरण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



इंग्रजीतील ‘जजमेंट’ या शब्दासाठी मराठीत निर्णय, निकाल आणि निवाडा असे शब्द रूढ आहेत. त्यांचा अर्थ वरवर सारखा वाटला तरी छटा भिन्न आहेत. निकालाने प्रकरण संपते. म्हणूनच ‘निकालात काढणे’ हा वाक्प्रचार झाला. संशय फिटल्यावर मनात जो स्थिरावतो, तो निर्णय. निवाडा मात्र ‘निवडणे’ या क्रियापदाशी नाते सांगतो. श्रावकाच्या घरातील गृहिणी उजेडात बसून धान्य निवडते, खडा वेगळा करते आणि एखादा जीव आढळल्यास त्याला इजा न करता बाजूला ठेवते. खऱ्या निवाड्यात ही दृष्टी आणि ही करुणा दोन्ही असतात.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार भेद सांगितले आहेत. पूज्यपादाचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त त्याचे सुबोध उदाहरण दिले आहे. दूरवर काही पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळी असेल की पताका, हा शोध म्हणजे ईहा. वर-खाली उडणे व पंखांची हालचाल पाहून ती बगळीच होय असे निश्चित झाले, हा अवाय. ते पुढे न विसरणे, ही धारणा.

नित्य व्यवहारात मात्र मधल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात. एखाद्या पेढीवर गल्ल्यात रक्कम कमी भरते. नवा नोकर त्या दिवशी लवकर घरी गेलेला असतो. तेवढ्यावरून तो चोर ठरतो. आठ दिवसांनी वहीचा ताळा घेताना राहून गेलेली नोंद सापडते. रक्कम जुळते, पण गावभर झालेली नाचक्की कशी भरून निघणार?

अनेकांत म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी आधी चौकशी केली आणि मगच सत्ताधारी राघोबादादांना दोषी ठरविले. शोधाला धीर लागतो आणि निवाड्याला धैर्य.

चुकलेला निवाडा मागे घेण्यासही तेवढेच धैर्य हवे. क्षमापनेच्या दिवशी आप्तेष्टांपुढे हात जोडण्यापूर्वी त्या नोकराच्या दारी जाणे, आणि ज्या चारचौघांत त्याला चोर म्हटले त्यांच्यासमोरच आपली चूक सांगणे, हीच त्या पेढीमालकाची खरी क्षमापना ठरेल.