सातबारा नाही, मग मन पण नाही?

(मेहकर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी मेलेल्यांचे गोडवे गाणार नाही. जगणाऱ्यांचा हिशेब मागणार आहे.

1 जुलै 2006 ला प्रधानमंत्र्यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात आपला बुलढाणा होता. सिंचन, व्याजमाफी, बियाणं. अमरावतीला वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन बसलं. चांगलं झालं. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या कोणत्या वावरात हे पाणी जाणार होतं?

त्याच 2006 सालच्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एक लाख ठरले. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी सातबारा पाहिजे, कर्ज पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. आमच्या वस्तीतली एक माय कागदं घेऊन चकरा मारत होती. साहेब म्हणे, ‘तुमचा माणूस शेतकरी नव्हता.’ जन्मभर दुसऱ्याचं वावर निंदलं, कापूस वेचला, तरी शेतकरी नाही! सरकारच्या कागदावर दुःखालाही जमिनीचा तुकडा लागतो.

आता आकडा ऐका. 2022 साली देशात शेतीतल्या 11,290 माणसांनी जीव दिला. त्यात शेतकरी 5,207 आणि शेतमजूर 6,083. मजूर जास्त! हे सरकारच्याच गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. आणि गावोगाव भूमिहीन मजूर कोणत्या वस्तीत राहतो, हे मी तुम्हाला काय सांगू?

2015 पासून आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, 14 जिल्ह्यांत, बुलढाण्यातही. आशाताईने घरोघर विचारायचं, खचलेला माणूस हेरायचा, दवाखान्यात पाठवायचा. ही कल्पना खरी आहे. पण मरणाआधी आरोग्य खातं, मरताना पोलीस, मेल्यावर महसूल. आशाताईच्या यादीतलं नाव रेशनवाल्याला, रोजगार हमीवाल्याला कळायला नको? गोळी डॉक्टर देईल, पण चूल कोण पेटवील? अन् नुसती चूल पेटवूनही भागत नाही. खचलेल्या मनाला औषध लागतं, बोलणारं माणूस लागतं. दोन्ही एकाच वेळी पाहिजे. समन्वय म्हणजे हेच, मीटिंगचा चहा नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात सैलानीला दुरून दुरून मनाचे आजारी आणतात. त्यांना हसू नका. दवाखाना त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

कायदा मात्र समजून घ्या. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, जीव द्यायला निघालेला माणूस गुन्हेगार नाही, तो प्रचंड ताणात आहे असंच धरायचं आणि त्याची काळजी सरकारने घ्यायची. म्हणून पोलीस केसच्या भीतीने कोणाला घरात दडवू नका. 2022 च्या राष्ट्रीय धोरणात सरकारने लिहून दिलंय, 2030 पर्यंत आत्महत्या 10 टक्क्यांनी कमी करू. लिहून दिलंय ना? मग वसूल करा!

ग्रामसभेत उठून विचारा: आशाताईची यादी कुठे आहे? मजुरांची नावं त्यात आहेत का? त्यांना काम कधी देणार? आशाताईला पुरता पैसा कधी देणार?

आणि आपलं काम आपण करू. वस्तीत कोणी अबोल झाला, जेवेना, झोपेना, तर ‘पागल’ म्हणू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका, दवाखान्यात सोबत जा. 14416 आणि 104 हे फुकटचे नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवा. उद्याच रंगवा.

बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून जगायला उभं केलं. आपला एकही माणूस हिशेबाबाहेर मरू द्यायचा नाही.

जय भीम!