पाटी पुढे, जोर मागे

सावलीजवळच्या एका गावातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. उन्हाळा आहे, बांध्या कोरड्या पडल्या आहेत, म्हणून आज विषय घेतलाय ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर म्हटलं म्हणून रेडिओ बंद करू नका. हा विषय आपल्याच कंबरेचा आहे.

बांधीत एखादा उंचवटा राहिला की काय होतं, ते आपल्याइतकं कोणाला माहीत? खोलगट भागात पाणी साचतं, तिथलं रोवलेलं सडतं. उंचवटा उघडा राहतो आणि तिथे गवत माजतं. ते निंदायला वाकतं कोण? आपणच. बांधी सपाट असली की पाणी सगळीकडे सारखं राहतं आणि गवत दबतं. मग आसोलामेंढ्याचं पाणी असो की बोडीचं, ते पुरवून वापरता येतं.

आपल्या बांध्या लहान, मध्ये धुरे. मोठी मशीन आणली तर ती वळतानाच धुरा मोडते. म्हणून पुष्कळ गटांच्या मनात येतं, आपल्या जुन्या ट्रॅक्टरलाच समोरून पाटी बसवून घेऊ. कोणी तिला डोझर म्हणतं. आमच्या गटातही हाच विचार निघाला. पण आमच्या ट्रॅक्टरच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते जातात. तो मोडून उभा राहिला तर हप्ते थांबतील. म्हणून पाटी बनवायला टाकण्याआधी आम्ही ट्रॅक्टर नीट समजून घेतला.

१९५९ साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. भारतात बनलेला तो पहिला ट्रॅक्टर. पुढे महिंद्राचा बी-२७५ आला, एचएमटीचा झेटर आला. एचएमटी म्हटलं की आपल्याला धान आठवतं. आपल्याच जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी ते वाण निवडून काढलं आणि त्याला एचएमटी घड्याळाचं नाव मिळालं. तीच कंपनी ट्रॅक्टरही बनवायची. हे सगळे जुने ट्रॅक्टर मागून नांगर ओढायला बनले, समोरून माती ढकलायला नाही. सगळी काळजी घ्यायची ती एवढ्यासाठीच.

पहिली गोष्ट म्हणजे जोर कुठे जातो. ट्रकला खालून लांब चेसिस असते. या ट्रॅक्टरला तशी चेसिस नसते. इंजिन, क्लचची पेटी, गिअरची पेटी आणि मागचा अॅक्सल हे एकमेकांना बोल्टने कसलेले असतात. तोच त्याचा पाठीचा कणा. त्याचे पुष्कळसे भाग बिडाचे. बीड दाब सोसतं, धक्का सोसत नाही, तडकतं. पाटी नुसती समोरच्या अॅक्सलला किंवा रेडिएटरखाली टांगली आणि ती एखाद्या बुडाला आदळली, तर तो धक्का थेट कण्याला बसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी चॅनेल घ्यायचे, ते मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगला कसायचे आणि इंजिनाच्या बाजूने समोर आणायचे. पाटी या चौकटीला जोडायची. मग माती ढकलण्याचा जोर सरळ मागच्या चाकांकडे जातो. वेल्डरभाऊंना स्पष्ट सांगायचं: वेल्डिंग चौकटीवर करा, इंजिनावर किंवा क्लचच्या पेटीवर करू नका. जोडणी मूळच्या बोल्टच्या छिद्रांतूनच करा.

दुसरी गोष्ट वजनाची. हिशेब सोपा आहे. समोरच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये २ मीटर अंतर आहे असं धरा. पाटी २०० किलोची आहे आणि समोरच्या अॅक्सलच्या १ मीटर पुढे लोंबते आहे. ती उचलली की समोरच्या चाकांवर २०० नाही, ३०० किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा १०० किलो कमी होतो. कावडीचं एक टोक जड झालं की दुसरं वर जातं, तसंच. ४० किलोचा कट्टा धरला तर साडेसात कट्टे समोरच्या लहान चाकांवर! स्टिअरिंग जड होतं, किंगपिन आणि बेअरिंग लवकर झिजतात, आणि मागची चाकं हलकी पडल्याने जागेवर फिरतात. उपाय दोन. पाटी हलकी ठेवा आणि चौकट शक्य तितकी आखूड. मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा. टायर पाऊणभर भरतो, वरची जागा हवेला सोडायची.

तिसरी गोष्ट पाटी उचलण्याची. हायड्रॉलिक लिफ्ट मागे असते. काही मॉडेलमधून तिचं तेल पाइपने समोरच्या सिलिंडरला देता येतं, काहींना तशी सोय नसते. मग मागच्या लिफ्टच्या हातांना लोखंडी दांडे जोडून त्यांच्या जोरावर समोरची पाटी उचलतात. लिफ्ट फक्त उचलते, खाली पाटी आपल्या वजनाने येते. आपल्या कामाला ते बरंच. पाटी जमिनीत दाबता येत नाही, त्यामुळे सैल मातीच सरकवली जाते. माती आधी नांगराने सैल करून घ्यायची. खोदकाम, मोहाचं किंवा ऐनाचं बूड उपटणं, हे या पाटीचं काम नाही.

पाटी पिना काढून सुटेल अशीच बनवा. काम झालं की काढून ठेवायची, ट्रॅक्टर नांगराला आणि ट्रॉलीला मोकळा. पाटी लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नका. वाहनात बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, त्यामुळे आरटीओत आणि विमावाल्यांकडे आधी विचारून घ्या.

आता आपलं काम. उंचवटा कुठे आणि किती, हे डोळ्यांनी ठरवू नका. मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा, दोघी दोन टोकांना उभ्या राहा आणि खुंट्यांवर खुणा करा. मग हिशेब करा. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यातली अर्धी जमीन सरासरी ५ सेंटिमीटर खरडून उरलेल्या अर्ध्या भागात टाकायची, तर १०० घनमीटर माती हलते. ३ घनमीटरची ट्रॉली धरली तर तेहेतीस खेपांहून जास्त! म्हणून जुन्या ट्रॅक्टरवर एका उन्हाळ्यात सगळं लादू नका. यंदा सर्वात वाईट दोन बांध्या, पुढच्या वर्षी पुढच्या. वरची काळी, कसदार माती आधी बाजूला ओढा, खालची सारखी करा, मग ती परत पसरा. नाहीतर बांधी सपाट होईल, पण खरडलेल्या जागी धान पिवळं पडेल.

चालवताना पहिला गिअर आणि हळू वेग. बूड किंवा गोटा लागला की थांबा, मागे घ्या, जोर देऊ नका. उचललेल्या पाटीखाली हात घालू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. उभं करताना पाटी जमिनीला टेकवा. रोज संध्याकाळी चौकटीचे बोल्ट तपासा.

मातीची आणि पिकाची शंका असेल तर सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि वेल्डरकडे जाताना गटातल्या दोघींनी तरी सोबत जा. चौकट कुठे कसणार, वजन किती भरेल, पाटी सुटेल का, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मगच पैसे मोजा. ट्रॅक्टर गटाचा आहे, निर्णयही गटाच्या बैठकीत व्हावा.