मुक्कामी गाडी



ज्या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, तेथे आज एस.टी.च्या गाडीविषयी बोलायला आम्ही उभे आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कंत्राटे आणि मस्टर वाचता वाचता. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे पायाखालून गेले तेवढेच सांगू.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यासारखी जवळजवळ चार राज्ये त्यात मावतील. २०११ च्या खानेसुमारीत माणसे मात्र पावणेअकरा लाखांच्या आत. दोनतृतीयांशाहून अधिक मुलूख जंगलाचा. पश्चिमेला वैनगंगा, खाली तीच वर्धेला मिळून प्राणहिता होते. दक्षिणेला गोदावरी, पूर्वेकडून इंद्रावती. रेल्वेने जिल्ह्याला स्पर्श केला तो उत्तरेच्या टोकाला, वडशाला. तेथून गडचिरोलीपर्यंतची सुमारे पन्नास किलोमीटरांची लाईन मंजूर होऊन वर्षे लोटली, तरी २०२५ साल उजाडले तेव्हाही जिल्ह्याच्या गावाने आगगाडी पाहिलेली नव्हती. सिरोंचाचा माणूस कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला निघाला तर त्याला दोनशे किलोमीटरांच्या वर प्रवास आहे. आपल्याकडे एवढ्या वाटेत तीन जिल्हे लागतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, बिचारा मागासलेला भाग, तेथे कधी काही पोहोचलेच नाही. हा समज आम्हांला मान्य नाही. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती इंग्रजांच्या काळापासूनची. कमलापूरचे हत्ती आज लोक हौसेने पाहायला जातात. ते मुळात जंगलातले लाकूड ओढण्यासाठी ठेवलेले. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला. तेंदूची पाने दरसाल बाहेर जातात आणि कोठल्या कोठल्या गावच्या विड्यांत वळली जातात. आता सुरजागडच्या डोंगराचे लोखंड चालले आहे. म्हणजे माल बाहेर काढायचा असला की वाट निघते. प्रश्न असतो तो माणसाने बाहेर पडण्याचा आणि खबर आत पोहोचण्याचा.

एटापल्ली तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या माडिया गृहस्थाने आम्हांला विचारले होते, "भाऊ, रस्ता झाला तर पहिल्यांदा कोण येईल?" आम्ही म्हटले, दवाखान्याची गाडी येईल. तो हसला नाही, रागावलाही नाही. आमच्यासाठी तंबाखू मळू लागला. त्याच्या डोळ्यांदेखत पोलिस आले होते, नक्षलवादी आले होते, ठेकेदार आले होते. नक्षलवाद्यांनी रस्त्यांना विरोध केला. २०१६ च्या डिसेंबरात सुरजागडला पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. १ मे २०१९ रोजी, कामगारदिनीच, कुरखेडा भागात रस्त्याच्या कामावरची यंत्रे पेटवली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलिस आणि त्यांचा खाजगी ड्रायव्हर मारला गेला. तो ड्रायव्हर कोणाचा वर्गशत्रू होता, हे आम्हांला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही. असो.

आता खबरीची गोष्ट. तेंदूचा हंगाम मे महिन्यात, अवघा दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे अंधारात घर सोडायचे, पाने तोडायची, दुपारी उंबऱ्यात बसून सारे घर पुडे बांधते. एका पुड्यात पाने सत्तर. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे, तेथे शेकड्यावर मोजणी. वर्षाचे रोख उत्पन्न बहुतेक घरांत या एवढ्याच दिवसांत होते. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला या पानांवर हक्क दिला, आणि बऱ्याच ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. कायदा उत्तम. परंतु विकणाऱ्याला भाव ठाऊक असावा लागतो, हे कायद्यात लिहून भागत नाही.

एका हंगामात आम्ही एका नदीच्या दोन्ही काठांवर हिंडत होतो. पलीकडच्या फळीवर शेकडा पुड्यांचा भाव जास्त, अलीकडे कमी. पाने त्याच जंगलाची. अलीकडच्या बायांना हे कळले तेव्हा माल पोत्यांत भरून ट्रकांवर चढलेला होता. मध्ये अंतर किती? कावळ्याच्या वाटेने सहा-सात किलोमीटर असेल. फोनला रेंज नाही, पायवाटेला पूल नाही. आणि ट्रक मात्र त्याच गावात रोज संध्याकाळी येत होता! ठेकेदाराचा माणूस दोन्हीकडचा भाव जाणून होता. ज्याच्याजवळ गाडी त्याच्याजवळ बातमी, आणि ज्याच्याजवळ बातमी त्याच्या हातात मजुरी. सभागृहात दळणवळण हा बांधकाम खात्याचा विषय समजतात. आम्ही तो मजुरीचा विषय समजतो.

सरकारनेही एकदा गाडी घोड्याच्या पुढे जोडली. २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलवर फोटो काढून दिवसातून दोनदा नोंदवण्याची सक्ती झाली. भ्रष्टाचार थांबावा हा हेतू. पण जेथे टॉवर नाही तेथे माती खणणाऱ्याने खणली की नाही, हे टेकडीवर चढून आभाळाला विचारायचे? २०२२ च्या जुलैत देशातल्या २४,६८० गावांना फोर-जी पोहोचवण्याची योजना केंद्राने मंजूर केली. म्हणजे हजेरीचे यंत्र सक्तीचे करताना, हजारो गावांत रेंज नाही हे सरकारला स्वतःच्याच कागदावरून ठाऊक होते.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात बुडत आला. २०१९ साली तर पाणी पुन्हा पुन्हा बाजारपेठेत शिरले. २०२४ च्या जुलैत त्या तालुक्यातल्या एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून पाणी पार करविले. यंत्र जवळ होते म्हणून निभावले. एरवी खाट असते आणि चार खांदे.

आणि म्हणून आम्ही एस.टी.वर येतो. डांबर किती किलोमीटर पडले याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. आमचा हिशेब वेगळा आहे: गावात मुक्कामी गाडी येते की नाही? संध्याकाळी येणारी, रात्री गावातच राहणारी आणि पहाटे सुटणारी गाडी. तिच्यातून शाळेची मुले जातात, तापाचे रोगी जातात, तहसिलीत खेटे घालणारे जातात. परत येताना वर्तमानपत्र येते, औषधाची पुडी येते, आणि आलापल्लीच्या बाजारात काय भाव फुटला तेही कंडक्टरच्या तोंडून येते. ट्रक त्याच रस्त्याने जातो, पण तो कोणासाठी थांबत नाही.

या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात कोठे, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? कोठे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कोठे गाडीतच, डासांत. मलेरियाच्या मुलखात! २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला. त्या मागण्या न्याय्य होत्या असे आम्ही तेव्हा म्हटले आणि आजही म्हणतो. शहरातल्या माणसाने त्या काळात रिक्षा केली. जंगलातला माणूस चालला. ते पाहून आमच्यातले काही संपाला दोष देऊ लागले. आम्ही त्यांना म्हटले, ज्याच्या एका दिवसाच्या गैरहजेरीने गाव अडते, त्याचा पगार किती हे आधी विचारा.

१ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एस.टी. गेली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. आम्हांला आनंद झाला, तो लपवीत नाही. पण पहिल्या गाडीला हार असतात. श्रावणातल्या गाडीला नसतात. त्या दिवशीच्या टाळ्यांपेक्षा आम्हांला पुढच्या पावसाळ्यातल्या फेऱ्यांची नोंदवही पाहायची आहे.

तेव्हा आमचे एक काम आहे. बाहेर टेबलावर निवेदन ठेवले आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: दुर्गम गावांना बारमाही मुक्कामी गाडी, तिच्या कामगारांना जाळी लावलेली झोपायची खोली, आणि हंगामात प्रत्येक फळीवर आसपासच्या सर्व फळ्यांच्या भावाचा फलक, मराठीत, माडियात आणि सिरोंच्याकडे तेलुगूत. सही करण्यापूर्वी निवेदन नीट वाचावे. पेन तेथे बांधून ठेवले आहे.